सौम्यपणाचा आळ

कॅनडाच्या अन्न व औषध नियमावलीतली व्हिस्कीची व्याख्या सुरुवातीला नेहमीसारखीच वाटते. धान्य शिजवणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन, मुरवणं हे सगळं कॅनडातच व्हायला हवं. लाकडी पिंपात निदान तीन वर्षं मुरायला हवं आणि ते पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बाटलीतला मद्यांश ४० टक्क्यांच्या खाली नको. मग एक अजब कलम येतं: सर्वसाधारणपणे कॅनेडियन व्हिस्कीचा म्हणून ओळखला जाणारा गंध, चव आणि स्वभाव तिच्यात असला पाहिजे. तो गंध कोणता, ती चव कोणती, यावर नियमावली गप्प आहे. ‘कॅनेडियन व्हिस्की’, ‘कॅनेडियन राय व्हिस्की’ आणि नुसतं ‘राय व्हिस्की’ ही तिन्ही नावं एकाच मालाला लावायची मुभाही तीच देते. राय नावाच्या धान्याचा दाणाही नसलेली बाटली त्या देशात राजरोस ‘राय’ म्हणून विकता येते.

व्याख्येने मोकळी सोडलेली जागा अफवांनी भरून काढली. जाणकारांच्या बैठकीत या व्हिस्कीबद्दलचं मत आधीच ठरलेलं असतं: हलकी, गोडसर, बर्फ आणि जिंजर एल यांच्या आधाराने कशीबशी उभी राहणारी. रंगवलेली व्होडका, असंही कोणी म्हणून जातो. या आळात अर्धं सत्य आहे. अमेरिकेतल्या दुकानांत खालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटल्यांत मिळणारी कॅनेडियन व्हिस्की प्यायलेल्या माणसाने दुसरं मत बनवावं तरी कसं? पण उरलेलं अर्धं या व्हिस्कीची घडण समजून न घेता बोललं जातं.

घडणीतला फरक साधा आहे, पण मुळाशी आहे. बर्बन करताना मका, राय आणि मोड आणलेली बार्ली यांचं प्रमाण आधी ठरतं. मग सगळं एकत्र शिजतं, एकत्र आंबतं, एकत्र भट्टीतून जातं. चवीचा मोठा निर्णय भट्टीच्या अलीकडे होतो. कॅनडात तो बहुतेक ठिकाणी पलीकडे होतो. मका वेगळा, राय वेगळी, गहू वेगळा, बार्ली वेगळी. प्रत्येकाची आंबवण, भट्टी आणि पिंपं स्वतंत्र. मिश्रण अगदी शेवटी. थालीपिठाच्या भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, कारण बाजरीला लागते ती आच उडदाला सोसत नाही; इथेही तसंच आहे. याला अपवाद आहेत. कॅनेडियन क्लब पिंपात जाण्याआधीच मिसळली जाते, आणि क्राउन रॉयलच्या मिश्रणात बर्बनच्या धर्तीवर एकत्र शिजवलेली व्हिस्कीही असते. तरी या देशाची मूळ रीत वेगवेगळं करून मग जुळवण्याचीच.

या जुळवणीत दोन प्रकारचा माल लागतो. एक ‘बेस’ व्हिस्की: बहुधा मक्याची, कॉलम स्टिलमधून ९४ टक्क्यांच्या आसपास काढलेली आणि जुन्या, वापरलेल्या पिंपांत मुरलेली. दुसरी ‘फ्लेवरिंग’ व्हिस्की: कमी तीव्रतेला काढलेली, त्यामुळे धान्याची तेलं आणि उग्रपणा अंगात राखून असलेली, बऱ्याचदा रायची आणि नव्या ओकमध्ये ठेवलेली. टीकाकार बेसवर बोट ठेवतात. बर्बनला ८० टक्क्यांच्या वर ऊर्ध्वपातन करायची मनाई आहे, मग ९४ टक्क्यांत चव उरेल काय, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण स्कॉटलंडमधल्या नामांकित ब्लेंडेड व्हिस्क्यांतली ग्रेन व्हिस्की साधारण याच तीव्रतेला काढली जाते, तेव्हा हेच सोवळं कुठे जातं? ब्लेंड म्हटलं की विटाळ मानायची सवय सिंगल माल्टच्या जाहिरातींनी आपल्याला लावली आहे. ती कॅनडावर लादली की या कलेचा मुख्य कलावंत, म्हणजे ब्लेंडर, दिसेनासाच होतो.

राय इथे कशी आली, याचा कॅनेडियन व्हिस्कीचे इतिहासकार डेव्हिन द करगॉमो यांनी सांगितलेला वृत्तांत मला पटतो. एकोणिसाव्या शतकातल्या ऑन्टॅरिओत गिरण्यांचा उरलासुरला गहू व्हिस्कीत जाई. जर्मन आणि डच वसाहतकऱ्यांना ती बेचव वाटली. त्यांनी त्यात थोडी राय घालायला सांगितली आणि ग्राहक ‘राय’ मागू लागले. पुढे गव्हाची जागा मक्याने घेतली, नाव मात्र टिकलं. म्हणजे सुरुवातीपासून राय इथे मसाल्याच्या मापात आहे. दारूबंदीच्या काळात नदीपलीकडे डेट्रॉइटला चोरून गेलेल्या पेट्यांच्या सुरस कथा सगळ्यांना पाठ असतात. चवीबद्दल त्यातून काही कळत नाही, म्हणून त्या सोडतो.

मसाल्याच्या मापात वापरायचं धान्य सबंध बाटलीभर वापरलं तर काय होतं, हे पाहायचं असेल तर कॅलगरीला जावं लागतं. १९४६ साली सुरू झालेली अल्बर्टा डिस्टिलर्स शंभर टक्के रायवर काम करत आली आहे. राय हे कारागिराला रडवणारं धान्य आहे. शिजवलं की चिकट लगदा होतो, आंबताना फेस उतू जातो. त्यावर या मंडळींनी स्वतःची विकरं विकसित केली. एवढं करून त्यांची अल्बर्टा प्रीमियम कित्येक वर्षं स्वस्तातली, रोजच्या पिण्याची बाटली म्हणून खपत राहिली. मग अमेरिकेत काय झालं पाहा. मेकर्स मार्कमधून बाहेर पडलेले डेव्ह पिकरेल यांनी अल्बर्टातली जुनी, निव्वळ रायची व्हिस्की हेरली. व्हर्माँटच्या व्हिसलपिगने २०१० साली ती दहा वर्षांची राय म्हणून चढ्या भावात बाजारात आणली आणि अमेरिकन समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली. व्हिस्की कॅनडाचीच होती. बाटली बदलली, किंमत बदलली आणि चव एकदम ‘दमदार’ झाली.

अल्बर्टा प्रीमियमची कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेला भरलेली व्हिस्की, हे त्या घराचं खरं सामर्थ्य. ६५ टक्क्यांच्या आसपास मद्यांश. नाकाशी आधी लवंग, मग मिरी, मग भाजलेल्या काळ्या पावाची कड. पाणी घातलं की संत्र्याच्या सालीसारखा कडवट गोडवा वर येतो. सौम्यपणाचा आळ घेणाऱ्याला मी पहिल्यांदा हीच देईन.

आणि दुसऱ्यांदा लॉट फॉर्टी. विंडसर शहरातल्या हायरम वॉकर डिस्टिलरीत पॉट स्टिलमधून काढलेली ही राय १९९० च्या दशकाच्या अखेरीस पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिला गिऱ्हाईक नव्हतं. ती बंद पडली. २०१२ मध्ये परत आली आणि आज कॅनेडियन रायचं नाव निघालं की तिचं नाव निघतंच. या घराचे मुख्य ब्लेंडर डॉन लिव्हरमोर हे एडिनबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठाचे पीएचडी. धान्य, यीस्ट आणि लाकूड यांतून कुठली चव कुठून येते हे रसायनशास्त्राच्या भाषेत सांगणारा माणूस. लॉट फॉर्टीत लवंगेचा ठसका आहे, पण त्याच्या मागे फुलांचा सुगंध आहे, आणि तो लाकडाखाली दबत नाही. अल्बर्टाची राय छातीवर येते, ही कानाशी बोलते. मला दुसरी अधिक आवडते. हा माझ्या जिभेचा कौल; श्रेष्ठत्वाचा निवाडा नव्हे.

जिभेचा कौल आणि निवाडा यांची गल्लत किती महाग पडते, हे २०१५ च्या नोव्हेंबरात दिसलं. इंग्रज समीक्षक जिम मरे यांनी आपल्या वार्षिक ‘व्हिस्की बायबल’मध्ये क्राउन रॉयल नॉर्दर्न हार्वेस्ट राय या बाटलीला १०० पैकी ९७.५ गुण देऊन जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं. मॅनिटोबातल्या विनिपेग सरोवराकाठच्या गिमली गावात बनणारी, ९० टक्के रायची, खिशाला सहज परवडणारी व्हिस्की. कॅनडातल्या दुकानांतल्या फळ्या बघता बघता रिकाम्या झाल्या. मग उलटी लाट आली. एवढी साधी व्हिस्की सर्वोत्तम कशी, म्हणून लोक चिडले. दोन्ही वेळा बाटलीतला माल तोच होता. नॉर्दर्न हार्वेस्ट चांगली, नीटस व्हिस्की आहे. व्हॅनिला आणि हिरव्या सफरचंदाच्या मागे रायची चुणूक. जगात पहिली वगैरे मी म्हणणार नाही. पण एका माणसाच्या आवडीला दशांश चिन्ह लावून तिचं विज्ञान करायचं आणि मग त्या माणसावरच रागवायचं, ही रीत समीक्षेला शोभणारी नाही.

मला राय आवडते, म्हणून मक्याला कमी लेखणं हीदेखील अशीच गल्लत ठरेल. २०१८ मध्ये कॅनेडियन क्लबने ‘क्रॉनिकल्स’ मालिकेतली पहिली, ४१ वर्षं मुरलेली व्हिस्की काढली. मुख्यत्वे मक्याची. ज्या बेस व्हिस्कीला टीकाकार निःसत्त्व म्हणतात, तीच चार दशकं जुन्या पिंपात राहिली तर सुकं खोबरं, काकवी, जुन्या लाकडी पेटीचा वास असं काय काय तिच्यात उतरतं. कोऱ्या ओकमध्ये कुठलीही व्हिस्की एवढी वर्षं ठेवली असती तर नुसता लाकडाचा काढा झाला असता. थकलेल्या पिंपाचा आणि हलक्या ऊर्ध्वपातनाचा हा फायदा मान्य करायला हवा. तरुण वयात मात्र हीच रीत बऱ्याचदा नुसती गुळगुळीत बाटली देते. चार-पाच वर्षांच्या, चाळीस टक्क्यांच्या मक्याच्या ब्लेंडमध्ये मला आजही फारसं काही सापडत नाही.

आता त्या कुप्रसिद्ध ९.०९ टक्क्यांबद्दल. कॅनेडियन व्हिस्कीत अकराव्या हिश्श्यापर्यंत दुसरं मद्य किंवा वाइन मिसळायला परवानगी आहे. मद्य असेल तर ते दोन वर्षं लाकडात मुरलेलं हवं. शुद्धतावाद्यांना याचा संताप येतो. अमेरिकेतली करसवलत मिळवण्यासाठी स्वस्त ब्रँडांनी या सोयीचा भरपूर वापर केला, हेही खरं. पण अल्बर्टा डिस्टिलर्सनेच ‘डार्क हॉर्स’ नावाची व्हिस्की काढली: ९१ टक्के राय, ८ टक्के बर्बन, १ टक्का शेरी. त्या एका टक्क्याने मनुक्यांचा काळसर गोडवा येतो आणि रायची धार जात नाही. सवलत हिशेबनीसाच्या हाती पडली की पळवाट होते, ब्लेंडरच्या हाती पडली की साधन. माझी तक्रार मिसळण्याबद्दल नाही, न सांगता मिसळण्याबद्दल आहे.

सांगून करणाऱ्यांत जॉन हॉल यांचं नाव अग्रभागी घ्यावं लागेल. मूळचे वाइनवाले. १९९२ मध्ये त्यांनी ऑन्टॅरिओतल्या ग्रिम्सबी इथली डिस्टिलरी घेतली, तेव्हा बडी घराणी व्होडकाच्या लाटेत अंग चोरून बसली होती. हॉल यांनी मका, राय आणि बार्ली वेगवेगळी गाळली, प्रत्येकीला वेगळ्या तऱ्हेने भाजलेली पिंपं दिली आणि फॉर्टी क्रीक नावाने बाटलीत भरताना ही सगळी कृती गावोगाव फिरून लोकांना सांगितली. कॅनडाच्या मातीत वाढलेल्या ओकच्या पिंपांतली त्यांची ‘कॉन्फेडरेशन ओक’ चाखावी. २०१४ मध्ये कंपारीने ही कंपनी विकत घेतली.

हॉल यांच्या आगेमागे लहान डिस्टिलऱ्यांची रांग लागली, आणि तिथे माझं मन थोडं साशंक होतं. व्हँकुव्हर बेटावरची शेल्टर पॉइंट, युकॉनमधली टू ब्रुअर्स, नोव्हा स्कोशियातली ग्लेनोरा ही सगळी मन लावून काम करणारी घरं. ग्लेनोराला तर ‘ग्लेन’ या अक्षरांसाठी स्कॉच व्हिस्की असोसिएशनशी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. २००९ मध्ये ती जिंकली आणि पुढे ‘बॅटल ऑफ द ग्लेन’ नावाची बाटली काढून तिने हिशेब चुकता केला. पण नव्यांपैकी अनेकांचा ओढा सिंगल माल्टकडे आहे. कारण उघड आहे: सिंगल माल्ट म्हटलं की ग्राहकाला समजावून सांगावं लागत नाही. स्कॉटलंडच्या सावलीत चांगली व्हिस्की होईलही, पण वेगवेगळी धान्यं घेऊन जुळवायची इथली विद्या लहानांनी सोडली तर ती दोन-चार बहुराष्ट्रीय कंपन्यांपुरतीच राहील. आणि त्या कंपन्यांचा भरवसा कितपत? अ‍ॅमहर्स्टबर्गचा बाटल्या भरण्याचा कारखाना बंद करत असल्याचं क्राउन रॉयलची मालकी असलेल्या दिआजिओने २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा ऑन्टॅरिओचे प्रीमियर डग फोर्ड यांनी कॅमेऱ्यांसमोर क्राउन रॉयलची बाटली जमिनीवर ओतली.

आपल्याकडे कॅनेडियन व्हिस्की फारशी दिसत नाही. एक कॅनेडियन नाव मात्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक परमिट रूमच्या फळीवर आहे: सीग्राम. रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइड यांच्या लेबलांवर छापलेलं हे नाव ऑन्टॅरिओच्या वॉटर्लूमधल्या जोसेफ सीग्राम यांचं. १९२८ मध्ये ब्रॉन्फमन कुटुंबाने त्यांची कंपनी घेतली, १९३९ च्या राजभेटीसाठी क्राउन रॉयल बनवली आणि साम्राज्य उभं केलं. २००१ पर्यंत त्याचे तुकडे होऊन क्राउन रॉयल दिआजिओकडे आणि भारतातली सीग्राम पेर्नो रिकारकडे गेली. आपल्या बाटलीत भारतीय धान्याचं मद्य आणि आयात केलेलं स्कॉच माल्ट असतं; कॅनडाचं म्हणून त्यात नाव तेवढं आहे, आणि ब्लेंडिंगवरची श्रद्धा.

माझं मागणं एवढंच आहे. कॅनडाच्या नियमावलीने धान्याची टक्केवारी लेबलावर छापणं सक्तीचं करावं, मिसळलेल्या मद्याचं आणि वाइनचं नाव लिहायला लावावं, आणि ज्या बाटलीत निम्म्याहून कमी राय आहे तिला ‘राय’ म्हणवू देऊ नये. वाचकांपैकी कोणी टोरांटोकडे गेलंच, तर सरकारी दुकानातून लॉट फॉर्टीची बाटली घ्यावी आणि पहिला घोट बर्फाशिवाय घ्यावा.