मधली गाडी, कडेची पाटी

पडद्यावर एक चित्र येतं आणि डोळा लवतो न लवतो तोच जातं. मध्यभागी एक वाहन होतं, मोटार किंवा ट्रक. त्याच क्षणी कडेला कुठेतरी 'रूट ६६'ची पाटी होती, अमेरिकेतल्या त्या जुन्या हमरस्त्याची. चित्र गेलं की दोन प्रश्न: मध्ये काय होतं? पाटी कुठे होती? दोन्ही बरोबर आली की पुढचं चित्र आणखी कमी वेळ थांबतं. मोटार आणि ट्रक एकमेकांसारखे दिसायला लागतात, कडेला फसव्या पाट्यांची गर्दी होते. चुकलात तर खेळ जरा सबुरीनं घेतो. या व्यायामाचं नाव 'डबल डिसिजन'.

मी साठी ओलांडलेला माणूस. पहिल्या दिवशी मला गाडी ओळखता यायची, पाटी साफ निसटायची. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, पाटी शोधायला जाऊ नका. नजर गाडीवरच ठेवा, पाटी आपोआप कळेल." तिचं खरं ठरलं, पण त्याला चार दिवस लागले.

हा व्यायाम सान फ्रान्सिस्कोच्या पॉझिट सायन्स या कंपनीचा, तिच्या 'ब्रेनएचक्यू' संचातला. मेंदूच्या तंदुरुस्तीच्या धंद्यात आज अनेक दुकानं आहेत. त्यातल्या मालाची चर्चा पुष्कळ होते, माणसांची कमी. मैफलीला जाण्याआधी जाणकार पत्रिका वाचतो: गायला कोण, तबल्याला कोण, आणि खाली बारीक अक्षरात कोणाचं नाव आहे. पॉझिट सायन्सची माणसं मी तशी वाचली. त्या वाचनात मला जे हाती लागलं, ते मधल्या मोठ्या नावापेक्षा कडेला जास्त होतं.

तरी सुरुवात मधूनच करायला हवी, कारण मधलं नाव खरोखरच मोठं आहे.

मायकेल मर्झेनिक. जन्म १९४२, ओरेगन राज्यातलं लेबनन हे गाव. पीएच.डी. जॉन्स हॉपकिन्समधून. मेंदूच्या बाह्यकातल्या पेशी उभ्या स्तंभांसारख्या गटांनी काम करतात, हे दाखवणारे व्हर्नन माउंटकॅसल तिथे होते. केसासारखी बारीक तार मेंदूत उतरवायची, बोटाला स्पर्श करायचा आणि कुठली पेशी बोलते ते टिपायचं, ही त्या घराची तालीम. ती घेऊन मर्झेनिक १९७१ साली सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि साडेतीन दशकं तिथेच राहिले.

त्या काळची समजूत अशी की मेंदूचा नकाशा लहानपणी आखला जातो आणि मग शाई वाळते. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा ठरावीक आठवड्यांत झाकला तर मेंदू त्या डोळ्याला कायमचा मुकतो, हे ह्युबेल आणि विझल या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. त्यावरून पुष्कळांनी पुढचा निष्कर्ष काढला: मोठेपणी बदल नाही, असलीच तर झीज. मर्झेनिक आणि त्यांचे सहकारी जॉन कास यांनी माकडाच्या तळहाताकडे जाणारा एक मज्जातंतू कापला. मेंदूत त्याच्या वाट्याला असलेली जागा आता गप्प बसायला हवी होती. काही महिन्यांनी पाहिलं तर त्या जागेवर शेजाऱ्यांनी बिऱ्हाड केलं होतं. हाताच्या ज्या भागांचे तंतू शाबूत होते, त्यांना स्पर्श केला की तीच जागा बोलू लागायची. पुढे दोन बोटं एकत्र शिवली, तेव्हा मेंदूच्या नकाशातली त्या दोन बोटांमधली सीमा पुसली गेली. ज्यांचं सगळं काम जोडीनं चालतं त्यांना मेंदू वेगळं ठेवत नाही. प्रयोग निर्दय वाटतो, आणि आहेही. पण त्यातून निघालेली गोष्ट पुढे लाखो माणसांच्या कामी आली.

तीच गोष्ट कानाच्या बाबतीत अधिक सुरस आहे. ज्यांना ऐकू येत नाही अशांच्या आतल्या कानात बसवायच्या कृत्रिम यंत्रणेवर, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटवर, मर्झेनिक यांनी सुरुवातीच्या काळात काम केलं. निसर्गानं हजारो केशपेशींना दिलेलं काम बोटांवर मोजता येतील इतक्या विद्युत्-टोकांवर सोपवायचं, हा तसा अविश्वसनीय बेत. यंत्र बसवल्यावर अनेकांना आधी नुसती खरखर ऐकू येई. काही महिन्यांनी त्याच खरखरीतून शब्द उमटायला लागत. यंत्र तेच होतं. बदलला होता तो ऐकणारा मेंदू. या कामासाठी २०१५ साली अमेरिकेचं रस पारितोषिक त्यांना इतर चौघांबरोबर मिळालं. अनुभवानं मेंदू कसा घडत राहतो या शोधासाठी २०१६ साली ईव्ह मार्डर आणि कार्ला शॅट्झ यांच्याबरोबर कावली पारितोषिकही मिळालं.

इथेच कडेची पहिली पाटी दिसते. नॅन्सी बायल या फिजिओथेरपीच्या अभ्यासक त्याच विद्यापीठात होत्या. वादकांची बोटं अचानक ऐकेनाशी होतात, एक उचलायला जावं तर दुसरं वाकतं, हे दुखणं त्यांना ठाऊक होतं. मर्झेनिक यांच्या सोबतीनं त्यांनी दाखवलं की एकच हालचाल घाईनं, एकसुरीपणे, हजारो वेळा केली तर मेंदूतले बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे 'हात बिघडला' म्हणतात ना, तसं. रियाजानं मेंदू घडतो हे सांगणारे पुष्कळ भेटतात. चुकीच्या रियाजानं तो बिघडतोही, हे ज्या प्रयोगशाळेनं स्वतः मोजलं, तिच्या पोटी जन्मलेल्या कंपनीकडे मी जरा विश्वासानं बघतो.

कंपनी आधी एक झाली, मग दुसरी. १९९६ साली पॉला तल्लाल, बिल जेंकिन्स आणि स्टीव्ह मिलर यांच्यासह मर्झेनिक यांनी भाषा शिकताना अडखळणाऱ्या मुलांसाठी सायंटिफिक लर्निंग काढली. 'ब' आणि 'ड' यांच्यातला फरक सेकंदाच्या अगदी लहानशा तुकड्यात संपतो. ज्या मुलाला तो तुकडा पकडता येत नाही त्याला आधी उच्चार ताणून ऐकवायचा आणि हळूहळू मूळ वेगावर आणायचा, ही त्यांची युक्ती. पॉझिट सायन्स त्यानंतरची, मोठ्या वयाच्या माणसांसाठी. तिचे सहसंस्थापक आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष जेफ झिमन. प्रयोगशाळेतली गोष्ट घरातल्या संगणकावर पोचवायची तर पैसा, करार, विक्री हे सगळं कोणीतरी बघायला लागतं. ती बाजू त्यांच्याकडे.

पॉझिट सायन्सचं पहिलं उत्पादन कानाचं होतं, नावच 'ब्रेन फिटनेस प्रोग्राम'. त्यामागचा विचार मला फार आवडतो. उतारवयात आपण "विसरलो" म्हणतो, पण बऱ्याचदा ती गोष्ट मुळात नीट ऐकलेलीच नसते. आत पुसट उमटलेलं पुढे पुसटच आठवणार. म्हणून स्मृतीला हात न लावता आधी श्रवण घासून पुसून लख्ख करायचं. त्यातला एक व्यायाम साधा आहे: सूर वर जातो की खाली येतो, एवढंच सांगायचं. लागोपाठ दोन सूर, दोन उत्तरं. मींड ऐकण्यात हयात गेलेल्या माझ्या कानाला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ. दहा मिनिटांत गर्व उतरला. वेग वाढला तशी मींड नाहीशी झाली, नुसता एक टिचका उरला. वर गेला की खाली आला, देव जाणे. बारीक ऐकणं आणि चटकन ऐकणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे या वयात कळलं.

या कार्यक्रमाची तपासणी मेयो क्लिनिक आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी केली, ग्लेन स्मिथ आणि एलिझाबेथ झेलिन्स्की हे त्यातले प्रमुख. ६५ वर्षांवरची ४८७ माणसं, आठ आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, रोज तासभर. तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ माहितीपट दाखवून प्रश्न विचारले. २००९ साली निष्कर्ष आले: व्यायाम करणाऱ्यांचं लक्ष आणि ऐकलेलं लक्षात ठेवणं अधिक सुधारलं. पैसा कंपनीचा होता. ही गोष्ट उघड आहे, आणि वाचणाऱ्यानं तिची नोंद घ्यायलाच हवी.

२०११ पासून कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत हेन्री मान्के. मर्झेनिक यांच्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. केली, मग मॅकिन्झीत व्यवस्थापनाचा अनुभव घेतला आणि गुरूच्या बोलावण्यावरून परत आले. धंदा चालवायला बाहेरून व्यवस्थापक आणून त्याला शास्त्राचे चार शब्द पाठ करायला लावण्यापेक्षा हे उजवं. मान्के यांना आलेखाची रेघ वाचता येते. पण शिष्य गादीवर बसला की एक धोका संभवतोच: गुरूची चूक दाखवणार कोण?

त्याचं उत्तर पुन्हा कडेला सापडतं. 'डबल डिसिजन'ची मूळ कल्पना मर्झेनिक यांची नाहीच. ती कार्लीन बॉल आणि डॅनियल रोंकर यांची, एक अलाबामाच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या, दुसरे वेस्टर्न केंटकीचे. त्यांचा प्रश्न रस्त्यावरचा होता: डोळ्यांच्या तक्त्यावर शेवटची ओळ वाचणारे वयस्कर चालक चौकात का धडकतात? त्यांना दिसलं की नजर शाबूत असली तरी एका दृष्टिक्षेपात, मान न वळवता, जेवढं 'कामाचं' टिपता येतं तो परीघ वयाबरोबर आक्रसतो. मध्ये लक्ष गुंतलं की कडा विझतात. आणि सरावानं तो परीघ पुन्हा रुंदावता येतो.

ही पद्धत अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेल्या 'अ‍ॅक्टिव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत तपासली गेली. १९९८ साली, म्हणजे पॉझिट सायन्सच्या जन्माआधी, ती सुरू झाली. ६५ वर्षांवरची २,८०० च्या वर माणसं. एका गटाला स्मरणशक्तीचा सराव, दुसऱ्याला तर्काचा, तिसऱ्याला या वेगाच्या व्यायामाचा, चौथ्याला काहीच नाही. शिकवणी जेमतेम दहा बैठकांची. दहा वर्षांनी पाहिलं तर तर्क आणि वेग या गटांचा फायदा टिकला होता, स्मरणशक्तीच्या गटाचा विरला होता. जिची सगळ्यांना काळजी, तीच हातची गेली. पुढे २०१७ साली जेरी एडवर्ड्स यांनी त्याच माहितीची फेरमांडणी केली, तेव्हा वेगाचा व्यायाम केलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला.

बॉल आणि रोंकर यांची कंपनी पॉझिट सायन्सनं विकत घेतली आणि त्यांचा व्यायाम नव्यानं बांधला. माझ्या लेखी या मंडळींच्या साऱ्या कहाणीतली सर्वांत देखणी जागा ही. कावली पारितोषिकाच्या तोडीचा माणूस घरचा, तरी घराण्याबाहेरची चीज आदरानं घेतली आणि तिलाच मैफलीत वरचा मान दिला. कंपनीचा सर्वांत भक्कम पुरावा संस्थापकाच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. पॉझिट सायन्सशी ज्यांचा तेव्हा संबंध नव्हता अशा तपासनीसांच्या हातून तो आला, आणि म्हणूनच भक्कम आहे.

गुणगान करणाऱ्यानं बेसूर जागाही दाखवावी. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्टॅनफर्डचं दीर्घायुष्य केंद्र आणि मॅक्स प्लांक संस्था यांच्या पुढाकारानं सुमारे ७० शास्त्रज्ञांनी पत्रक काढलं: मेंदूच्या खेळांच्या जाहिराती पुराव्याच्या फार पुढे धावताहेत. दोनच महिन्यांत शंभरावर शास्त्रज्ञांचं उलट पत्र निघालं, त्यात मर्झेनिक आघाडीवर. माणूस तोच, पण आता त्याच्या एका हातात तराजू होता आणि दुसऱ्यात माल. २०१६ साली डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्राचा साद्यंत आढावा घेतला आणि म्हटलं, ज्याचा सराव करावा ते सुधारतं, पण रोजच्या जगण्यात ते उतरतं याचा पुरावा तोकडा आहे. त्याच वर्षी जानेवारीत 'लुमॉसिटी' या मेंदूच्या खेळांच्या कर्त्या कंपनीला फसव्या दाव्यांच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. तिच्या संस्थापकांपैकी मायकेल स्कॅनलन स्टॅनफर्डमधली मेंदूविज्ञानाची पीएच.डी. अर्धवट सोडून आलेले. शास्त्राचा वास होता, पाठीशी दशकांची तपासणी नव्हती. आणि तो २९ टक्क्यांचा आकडाही सबुरीनं वाचावा. स्मृतिभ्रंश रोखणं हा मूळ चाचणीचा हेतू नव्हता, आणि तिथलं निदान डॉक्टरांनी एकेकाला तपासून केलेलं नव्हतं.

म्हणून अशी कंपनी वाचताना मी तीन गोष्टी बघतो. तिच्या शास्त्रज्ञांचं काम कंपनीच्या आधीचं आहे की तिच्यासाठी जुळवलेलं? पुरावा घरचा आहे की परक्या हातचा? आणि त्या नावांत "नाही" म्हणू शकेल असं कोणी आहे का? पॉझिट सायन्स पहिल्या दोन कसोट्यांवर चांगली उतरते. तिसरीवर तिची परीक्षा अजून चालू आहे.

मी अजून रोज वीस मिनिटं बसतो. रस्ता ओलांडताना फरक पडला का, हे शपथेवर सांगणार नाही. पण कडेला बघायची सवय मात्र लागली. परवा कठीण पातळीवर, पाट्यांच्या गर्दीतून ती नेमकी 'रूट ६६'ची पाटी पहिल्या फटक्यात सापडली. मुलगी मागे उभी होती. तिनं शाबासकी दिली आणि विचारलं, "आणि मध्ये काय होतं, बाबा? मोटार की ट्रक?"

ते काही मला सांगता आलं नाही.