रोल मिळतो का अजून?

जेऊर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी गेली काही वर्षे एक साधी गोष्ट करून पाहतो आहे. प्रत्येक खेपेला वेगळा कॅमेरा घेऊन बसायचे आणि लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात ते ऐकायचे. उजनीच्या फुगवट्यावरचे पक्षी टिपण्यासाठी घेतलेली लांब लेन्स गळ्यात असली की प्रश्न येतो, "कुठल्या पेपरचे तुम्ही?" मागोमाग रस्ता, वीज आणि उसाचे बिल. मोबाईल वर धरला की, "रील करताय का? कुठं टाकणाराय?" आणि खांद्याला काळ्या चामड्याचा, चंदेरी धातूचा रेंजफाइंडर असला की बाकावरचा एखादा म्हातारा सरकून जवळ येतो, कॅमेऱ्याकडे बघत राहतो आणि विचारतो, "रोल मिळतो का अजून?"

छायाचित्रणावरच्या लेखनात रेंजफाइंडरची ख्याती याच्या अगदी उलट आहे. हा कॅमेरा लहान, त्याचा आवाज हलका, म्हणून तो कोणाच्या नजरेत भरत नाही आणि छायाचित्रकार गर्दीत अदृश्य होतो, असे वारंवार सांगितले जाते. मीही बरीच वर्षे हे मानत होतो. जेऊरला ही समजूत टिकली नाही. ती का टिकली नाही, हे तपासले तर कॅमेऱ्यापेक्षा फोटोविषयी अधिक कळते, असे माझे मत आहे.

आधी थोडा इतिहास. ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला आणि १९२५ साली लायपझिगच्या व्यापारी जत्रेत तो 'लायका' या नावाने लोकांसमोर आला. १९३२ च्या 'लायका २' मध्ये अंतर मोजणारी यंत्रणा लेन्सला जोडली गेली. १९५४ च्या 'एम ३' मध्ये चौकट पाहणे आणि अंतर जुळवणे एकाच खिडकीत आले. यंत्रणा समजायला अवघड नाही. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन झरोके असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्याला एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात. लेन्सचे कडे फिरवत त्या एकमेकींवर बसवायच्या. बसल्या की फोकस बरोबर. आत आरसा नसल्यामुळे फोटो घेताना आरशाचा खटका होत नाही आणि नजरेसमोर अंधारही येत नाही.

अदृश्यतेच्या समजुतीचा आधारस्तंभ म्हणजे आंरी कार्तिए-ब्रेसाँ. १९४७ च्या अखेरीस तो भारतात आला होता आणि ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी त्यांना भेटला होता. तो आपल्या लायकाच्या चमकणाऱ्या भागांवर काळी चिकटपट्टी लावी, ही गोष्ट भक्तिभावाने सांगितली जाते. मला मात्र तीत वेगळाच अर्थ दिसतो. चमक झाकावी लागते, कारण ती दिसते. आणि ती झाकून भागते ते जिथे माणूस आधीच अनोळखी गर्दीत हरवलेला असतो तिथे. पॅरिसमध्ये हे जमत असेल. जेऊरला गाडीतून नवा माणूस उतरला की तो कोणाचा पाहुणा हे चहाला उकळी फुटेपर्यंत ठरलेले असते. इथे चिकटपट्टी कॅमेऱ्याला लावून काय उपयोग? ती छायाचित्रकारालाच लावावी लागेल.

मग रेंजफाइंडरमुळे फरक पडतो तो कसा? एक कारण शरीराचे आहे. मोठा कॅमेरा छायाचित्रकाराचा चेहरा गिळून टाकतो. समोरच्याला फक्त काच दिसते. दोन लेन्सचा रोलीफ्लेक्स छातीशी धरून वरून पाहावे लागते. त्यात मान आपोआप झुकते, जणू नमस्कारच. मोबाईलवाला हात लांब करून पडद्याकडे पाहतो, माणसाकडे नाही. रेंजफाइंडरची खिडकी एका कोपऱ्यात असते. उजवा डोळा तिला लावला की डावा डोळा आणि निम्मा चेहरा उघडा राहतो. समोरचा माणूस हसला तर त्याला माझेही हसू दिसते. त्याला नकार द्यायचा असेल तर तो कोणाला द्यायचा हे त्याला कळते.

दुसरे कारण आठवणीचे आहे. ज्यांनी मला रोलबद्दल विचारले त्यांच्यापैकी कोणी लायका हाताळला असण्याचा संभव नाही. त्यांना आठवतो तो बडोद्यात बनलेला आग्फाचा 'क्लिक थ्री', एका रोलवर बारा फोटो देणारा. किंवा लग्नात फ्लॅश उडवणारा तालुक्याचा फोटोवाला. शहरातल्या प्रदर्शनात हाच कॅमेरा पाहून लोक विचारतात, "लायका आहे का? केवढ्याला पडला?" तिथे कुतूहल वस्तूच्या किमतीचे असते. जेऊरला चंदेरी धातू पाहून आठवतो तो एक व्यवहार: फोटो काढायचा, रोल धुवायला टाकायचा, आठ-पंधरा दिवस वाट पाहायची आणि मग हातात कॉपी यायची.

टपरीवरचे ते प्रश्न या नजरेने पुन्हा ऐकावेत. वरवर ते कॅमेऱ्याविषयी आहेत. खरे तर माणूस विचारतो आहे, माझा चेहरा इथून कुठे जाणार? लांब लेन्स पाहून त्याला वाटते, पेपरात. म्हणून तो गाऱ्हाणे सांगतो. मोबाईल पाहून वाटते, कुठेही आणि कोणाकडेही. म्हणून तो सावध होतो. जुना कॅमेरा पाहून वाटते, कागदावर, आणि कधीतरी आपल्या घरात. म्हणून तो शर्टाचे वरचे बटण लावतो. रेंजफाइंडरवर टाकलेला विश्वास हा त्या परत येणाऱ्या कॉपीवरचा विश्वास आहे.

इथेच मला माझ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागते. माझ्याकडे असे दोन कॅमेरे आहेत. एक रशियन 'झोर्की', खराखुरा फिल्मचा. दुसरा २०११ साली बाजारात आलेला फुजीफिल्मचा 'एक्स १००'. त्याचा थाट रेंजफाइंडरचा, पण अंतर जुळवणारी ती यंत्रणा त्यात नाही आणि पोटात फिल्मऐवजी सेन्सर आहे. जेऊरच्या लोकांनी दोघांना सारखेच वागवले. एकदा बाजारात कांद्याच्या ढिगाशी बसलेल्या एका गृहस्थांनी मला थांबवले, टोपी नीट केली, श्वास रोखला आणि ओठ न हलवता म्हणाले, "घ्या आता. हालत न्हाई मी. रोल वाया जायला नको."

माझ्या कॅमेऱ्यात शेकडो फोटो मावतील असे कार्ड होते. मी त्यांचे पाच-सहा फोटो घेतले आणि काही बोललो नाही. ते माझा खर्च वाचवण्यासाठी श्वास धरून बसले होते आणि मी त्या थांबलेल्या श्वासाचे सौंदर्य गोळा करत होतो. फोटो चांगला आला. ज्यांना दाखवला त्यांनी चेहऱ्यावरच्या गांभीर्याची तारीफ केली. ते गांभीर्य गैरसमजातून आले होते, हे मी त्यांनाही सांगितले नाही. जुन्या रूपाच्या नव्या कॅमेऱ्यांवर माझा आक्षेप आहे तो हाच. ते रूप जुन्या व्यवहाराची पत वापरते, पण त्या व्यवहारातले देणे त्याच्यावर बंधनकारक नसते. कॉपी द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

हे देणे किती मोठे असते ते मला एका आजींनी शिकवले. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. आजींचे माहेर त्यांतलेच. त्या घराचा एकही फोटो कोणाकडे नाही. झोर्की पाहून त्या म्हणाल्या, "माझा एक काढून दे बाबा. भिंतीवर लावायला. मालकांचा हाय, माझा न्हाई." नातवाच्या मोबाईलमध्ये त्यांचे ढीगभर फोटो होते. मी तसे म्हणालो. त्यांनी हात झटकला. "ते मोबाईलातलं. मोबाईल फुटला की गेलं."

मी दुपारच्या उजेडात, शेणाने सारवलेल्या ओट्यावर, मातीच्या भिंतीपुढे त्यांचा फोटो घेतला. भिंतीचा पोपडा, दाराची सावली, पदराची कड सगळे मनासारखे जमले होते. पुढच्या खेपेला मोठी कॉपी करून नेऊन दिली. त्यानंतर गेलो तेव्हा फोटो भिंतीवर होता, पण ओळखू येईना. नातवाने तो स्टुडिओत नेला होता. तिथे आजींना कापून निळ्या पडद्यापुढे बसवले होते, कुंकू ठळक केले होते आणि शेजारच्या मालकांच्या फोटोएवढा आकार करून लॅमिनेशन केले होते. माझी भिंत, माझी सावली, माझा उजेड, सारे गेले होते.

पहिल्यांदा मी दुखावलो, हे कबूल करतो. आजी मात्र खुशीत होत्या. "आता जोडी झाली," त्या म्हणाल्या. समीक्षक म्हणून मला त्या वाक्याला उत्तर सापडलेले नाही. चौकट, प्रकाश, निर्णायक क्षण या निकषांवर तो फोटो बिघडला होता. ज्यासाठी त्यांनी तो मागितला होता, त्या निकषावर तो तेव्हाच पुरा झाला होता.

कांद्याच्या ढिगाशी बसलेल्या त्या गृहस्थांची कॉपी अजून माझ्याकडेच आहे. या दिवाळीत जेऊरला जाताना ती बरोबर नेणार आहे. त्यांनी रोलबद्दल विचारले, तर या वेळी खरे सांगेन.