'निष्क्रिय' कुणासाठी?

सांता क्लारातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्यांची बाटली उचला आणि मागचं लेबल तळापर्यंत वाचा. 'इनॅक्टिव्ह इन्ग्रेडिएंट्स' या मथळ्याखाली स्टार्च, सेल्युलोज वगैरे नावं दिसतील. आता आईबाबांनी बॅगेतून आणलेली भारतातली पट्टी बघा. तिथे बहुधा यादीच नसते, 'एक्सिपियंट्स क्यू.एस.', म्हणजे 'इतर पदार्थ, लागतील तेवढे', एवढ्यावर भागवलेलं असतं. आमची तक्रार दोन्ही लेबलांबद्दल आहे. एक काहीच सांगत नाही आणि दुसरं अर्धंच सांगतं.

कारण 'निष्क्रिय' हा काही पदार्थाचा कायमचा गुण नव्हे. पदार्थ शरीरात कुठल्या वाटेने जातो, त्यावर ते ठरतं. गोळीतला टाल्क किंवा सेल्युलोज तोंडावाटे गेला तर तसाच बाहेर पडतो. तीच गोळी कुणी नशेसाठी कुटून, पाण्यात कालवून शिरेत टोचली, तर न विरघळणारे कण हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसांत पोचतात आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यांच्याभोवती पेशींच्या गाठी होतात, वाहिन्या अरुंद होतात, दाब वाढतो, उजवं हृदय थकत जातं. नशा काही तासांत उतरते, कण राहतात.

२०१९ मधली व्हेपिंगची साथ आठवा. व्हिटॅमिन ई ॲसिटेट त्वचेच्या क्रीममध्ये चालतं. टीएचसीच्या व्हेपमध्ये ते माल वाढवायला मिसळलं गेलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ जण दगावले. एका अभ्यासात ५१ पैकी ४८ रुग्णांच्या फुप्फुसांतल्या द्रवात हेच सापडलं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं १९८६ चं प्रकरण तुम्ही घरी ऐकलं असेल: ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल, १४ मृत्यू, मग लेंटिन आयोग. तिथे भेसळ होती. टाल्कच्या बाबतीत माल शुद्ध असूनही घात होतो, म्हणून नुसती भेसळ तपासून भागत नाही.

घाबरून गोळ्या फेकू नका. सांगितल्याप्रमाणे तोंडाने घेतलेल्या गोळीत हा धोका नाही. पण कुणी व्हेप पुढे करून 'नुसतं तेल आहे रे' म्हणालं, तर विचारा: खायला, लावायला की ओढायला तपासलेलं? आणि एखाद्या मित्राने कधी गोळ्या टोचून घेतल्या असतील आणि आता त्याला जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना ते सांगायला लावा. लाजेपोटी लपवलं, तर निदान भलतीकडे जातं.

लेबलवर मात्र दोनच शब्द वाढवा: 'तोंडाने घेतल्यास निष्क्रिय'. तेवढी जागा बाटलीवर नक्की आहे.