यंत्र लेखक नाही. मग जबाबदार कोण?

अधिकार वरच्याकडे आणि जबाबदारी खालच्याकडे, ही आपल्या समाजव्यवस्थेची जुनी वाटणी आहे. संशोधन-प्रकाशनाच्या क्षेत्रात आज 'कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर' या नावाने जी नियमावली रूढ होत आहे, तिची समीक्षा याच वाटणीच्या संदर्भात व्हायला हवी. नियम चांगला की वाईट एवढे विचारून भागणार नाही. तो कोणासाठी आहे आणि कोणावर आहे, हेही विचारले पाहिजे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि काही शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून त्याचे नाव झळकू लागले. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स' या नियतकालिकांनी यंत्राला लेखक मानायला नकार दिला. फेब्रुवारीत प्रकाशन-नीतीचे काम पाहणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीनेही हीच भूमिका घेतली. यंत्र लेखक होऊ शकत नाही. त्याचा वापर केला असेल तर तसे जाहीर करावे. आणि मजकुराची सर्व जबाबदारी माणसाची, असे तिचे सार आहे.

हे सार बरोबर आहे. लेखकाला जाब विचारता येतो, यंत्राला येत नाही. शिवाय हे यंत्र सत्य शोधत नाही, ते संभाव्य शब्दापुढे संभाव्य शब्द मांडते. म्हणून नसलेल्या ग्रंथाचा संदर्भही ते बेधडक देते. आपल्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे. बाबासाहेबांच्या तोंडी त्यांनी कधीच न म्हटलेली वाक्ये घालण्याचा उद्योग आधीच जोरात आहे. आता त्या वाक्याला खंड आणि पृष्ठक्रमांकही चिकटवून मिळतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड कपाटात असताना ते न उघडता संदर्भ देणारा विद्यार्थी चळवळीचा पायाच ठिसूळ करतो.

परंतु 'जाहीर करा' एवढ्याने जबाबदारी संपते काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये 'फ्रंटियर्स' समूहाच्या एका नियतकालिकात उंदराची निव्वळ हास्यास्पद आकृती छापून आली. तिच्यातील शब्दांनाही अर्थ नव्हता. ती मिडजर्नी या यंत्राकडून काढून घेतल्याचे लेखकांनी निबंधातच जाहीर केले होते! परीक्षक आणि संपादक यांच्या हाताखालून ती गेली, जगभर हसे झाले आणि मग तीन दिवसांत निबंध मागे घेण्यात आला. अशा वेळी दोषाचा शिक्का लेखकावर बसतो. लेखकाकडून शुल्क घेणाऱ्या आणि परीक्षकाला बहुधा दमडीही न देणाऱ्या प्रकाशकाची जबाबदारी कोणत्या कलमात लिहिली आहे?

आणि हा बाजार यंत्राने निर्माण केलेला नाही. वायली या कंपनीच्या मालकीच्या 'हिंदावी'ने २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. त्यांतले बहुसंख्य चॅटजीपीटी येण्याआधीचेच होते. नोकरी आणि बढती निबंधांच्या संख्येवर मोजली की निबंधांचे कारखाने निघणारच. यंत्राने या कारखान्याला फक्त वाफ पुरवली. मोजमाप तसेच ठेवून संशोधकाला नीतीचे धडे देणे हा ढोंगीपणा आहे.

पुढचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. यंत्राचे लेखन पकडण्यासाठी दुसरी यंत्रे नेमली गेली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात यंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या यंत्रांनी 'यंत्रलिखित' ठरवले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले. कारण उघड आहे. ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित, त्याचे वाक्य सरळ; आणि सरळ वाक्य म्हणजे यंत्राचे वाक्य, असा हा न्याय! घरातले पहिले पदवीधर असलेले आपले संशोधक असेच इंग्रजी लिहितात. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांचा निबंध काका-मामा तपासतात किंवा पैसे मोजून तपासून घेतला जातो. त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. मग भाषा नीट करण्यापुरती यंत्राची मदत घेणारा खेड्यातला संशोधकच चोर कसा? चोरी विचारांची असते, व्याकरणाची नसते.

याचा अर्थ हे यंत्र आपले तारणहार आहे असा मुळीच नाही. चॅटजीपीटीला विखारी मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातील कामगारांना तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरीत बलात्काराची, छळाची वर्णने वाचावी लागली, हे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणले. घाण उपसणारे हात निराळे आणि स्वच्छ पानावर मिरवणारे नाव निराळे, ही व्यवस्था आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीने आपला लेखसंग्रह मायक्रोसॉफ्टला वापरायला दिल्याचे जाहीर झाले. तेव्हा आपल्याला विचारलेच नाही, असे अनेक लेखकांना सांगावे लागले. लेखकाने यंत्र वापरले तर जाहीर करायचे. यंत्राने लेखक वापरला तर कोणी जाहीर करायचे?

१९४८ सालच्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी पुरावा कोठे आहे आणि दुवा तुटतो तेथे अनुमान कोठे केले आहे, याची चर्चा वाचकासमोर उघडपणे केली. संशोधकाची जबाबदारी ती हीच. वापर सांगा, प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात स्वतः पाहा, अनुमानाला अनुमान म्हणा. आपल्या विद्यार्थ्यांकडून याची अपेक्षा आपण कठोरपणे केली पाहिजे. पण तेवढ्याच कठोरपणे विद्यापीठांकडे मागितले पाहिजे की, ओळख-यंत्राच्या निकालावरून कोणाचाही प्रबंध नाकारू नका, निबंध मोजू नका तर वाचा, आणि प्रकाशकालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा. आपल्या लहान नियतकालिकांचे जुने अंक यंत्राला फारसे ठाऊक नाहीत. ते ग्रंथालयांतून धूळ खात आहेत. ते वाचणे, जपणे आणि त्यांच्यावर लिहिणे हे काम यंत्र करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.