दाबविद्युत् चलित्रे : संज्ञा आणि व्यापार

डॉ. रघुवीर यांनी नागपुरात ‘सरस्वती विहार’ या संस्थेतून शास्त्रीय परिभाषेचे जे कार्य केले, त्यामागे एक आग्रह होता : शब्दाच्या घटकांवरूनच वस्तूचा बोध व्हावा. मराठीत रूढ असलेली ‘दाबविद्युत्’ ही संज्ञा चलित्रास लावली असता या कसोटीस कितपत उतरते?

१८८० साली क्यूरी बंधूंनी दाखविलेल्या परिणामास ती यथार्थ आहे. स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठांवर विद्युद्भार प्रकट होतो. चलित्रात मात्र उलट व्यापार चालतो. विद्युद्दाब दिला की पदार्थाची लांबी बदलते. लिपमान यांनी १८८१ साली हे ऊष्मागतिकीवरून भाकीत केले व क्यूरी बंधूंनी लगेच पडताळून पाहिले. हा दोष क्षम्य होय. तो इंग्रजी संज्ञेतही आहेच.

उणीव आहे ती निराळीच. शिसे-झिर्कोनेट-टायटॅनेट या मृत्तिकेची १० मिलिमीटरची कांडी फार तर १० मायक्रोमीटरच्या आसपास लांबते. एवढ्याशा हालचालीपासून अखंड गती घडविते ते घर्षण. आणि संज्ञेत त्याचा मागमूस नाही. वस्तुतः प्रकारभेद घर्षणाच्या उपयोगावरूनच पडतात.

पहिला प्रकार विदर्भातील सोयाबीन-उत्पादकास सांगावयास नको : उंटअळीची चाल. दोन पकडी आळीपाळीने आवळतात आणि मधली कांडी ताणते-आखडते. दुसऱ्यात कांडी सावकाश लांबते तेव्हा सरकता भाग घर्षणाने तिच्याबरोबर येतो. ती झटक्याने आखडली की जडत्वामुळे तो जागीच राहतो. पोल यांनी १९८७ साली याच तत्त्वावरील साधन वर्णिले.

तिसरा साशिदा यांचा, १९८२ चा. कड्यात दोन स्थिर तरंग स्थल व काल या दोहोंत पाव आवर्तनाच्या अंतराने उठविले की त्यांपासून एक प्रगामी तरंग बनतो. पृष्ठावरील प्रत्येक बिंदू लंबवर्तुळात फिरतो आणि वर दाबून बसविलेले चक्र तरंगाच्या उलट दिशेस वळते. कॅननने १९८७ साली छायाचित्रणाच्या भिंगांत ते योजिले. यास ‘श्रवणातीत चलित्र’ म्हणतात. पण त्यावरून ते कानास ऐकू येत नाही, एवढेच कळते!

संज्ञेवर विसंबणारा विद्यार्थी विद्युद्दाब वाढवून बल वाढविता येईल असे समजतो. परंतु बलाची मर्यादा ठरते ती दाबून धरणारे बल व घर्षणगुणांक यांच्या गुणाकाराने. प्रवाह तोडल्यावरही चक्र जागच्या जागी घट्ट राहते आणि वापराने पृष्ठे झिजतात, तेही घर्षणामुळेच. ‘कंपघर्षण चलित्र’ ही संज्ञा म्हणूनच निदान तिसऱ्या प्रकारापुरती तरी अधिक ग्राह्य ठरेल. पहिल्या प्रकारात कंप असा नाहीच.