जन्म यानात, मरणही यानात

सूर्याला सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून थोडा लांब आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-१ यानाला तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. अशा हिशेबातूनच विज्ञानकथेतले पिढ्यान्‌पिढ्या चालणारे यान जन्मले. निघणारे वेगळे, पोचणारे वेगळे. मधल्यांनी जन्मायचे, संसार करायचा आणि मरायचे ते यानातच.

रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘युनिव्हर्स’मधले (१९४१) लोक आपण यानात आहोत हेच विसरलेले असतात. ब्रायन आल्डिसची ‘नॉन-स्टॉप’ (१९५८) भाषेने सरस, पण तीही त्याच रहस्यावर उभी. रहस्य फुटले की दोन्हींची अर्धी ताकद जाते. हा प्रकार प्रौढ झाला तो मधल्या पिढ्यांकडे लक्ष गेल्यावर. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘पॅराडाइजेस लॉस्ट’मध्ये यानात जन्मलेल्या अनेकांना उतरायचेच नसते, प्रवास हाच मोक्ष मानणारा पंथ तिथे उभा राहतो. माझ्या मते या विषयावर याहून खोल काही लिहिले गेलेले नाही.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या ‘ऑरोरा’त (२०१५) टाउ सेटीकडे निघालेल्या यानात दोन हजारांच्या आसपास माणसे, शेते, जनावरे आहेत. त्यांना छळणारा बिघाड फार साधा आहे. फॉस्फरस इतर संयुगांत अडकून बसतो आणि पिकांना मिळेनासा होतो. ज्याने सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर डीएपी या फॉस्फरसयुक्त खताच्या पोत्यासाठी धावपळ केली आहे, त्या वाशीमच्या शेतकऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

मराठीत मात्र ही जागा रिकामी आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि एका दमदार परंपरेला बळ मिळाले. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती पुढे नेली. पण ती वाढली स्पर्धांत आणि दिवाळी अंकांत. एक कल्पना, एक कलाटणी, पाच-दहा पाने. नारळीकरांच्या ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्यांतही बाहेरचे काहीतरी पृथ्वीवर येते किंवा सापडते. पृथ्वी कायमची सुटत नाही. पाच पिढ्यांची सोयरीक, भांडणे, बदलत जाणारी बोली पाच-दहा पानांत मावत नाहीत.

सामग्रीची उणीव म्हणावी, तर तीही नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथे बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी आहे आणि रामनवमीला देशभरातून हा समाज येतो. २०२४ मध्ये तिथे नगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालयही उभे राहिले. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून या समाजाचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. पोरे वाटेतच जन्मली, म्हातारे वाटेतच गेले. नायकाचा शब्द, गोरबोली, लेंगीची गाणी एवढा संसार सोबत. मग रेल्वेने माल पळवला आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यासारख्या कायद्यांनी फिरस्त्यांवर संशयाचा शिक्का मारला. तांडे थांबले, ते मुक्कामाला पोचले म्हणून नव्हे. प्रवासातच जन्मलेल्यांनी थांबावे का, या ज्या प्रश्नापाशी ल ग्विन कल्पनेने पोचल्या, तो इथे आजोबांच्या आठवणीत आहे.

याचा अर्थ तांडा उचलून अंतराळात ठेवावा असा नाही. तसे स्वस्त रूपक होईल, आणि समाजावर अन्यायही. फिरते गाव कसे चालते, न्याय कोण करतो, थांबल्यावर काय हरवते, हे आतून ठाऊक असलेला लेखक हवा. तो तांड्यातलाच असला तर फारच उत्तम.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: यंदा दहा विज्ञानकथांऐवजी एका नव्या लेखकाला साठ पाने द्या, आणि पुढच्या वर्षी आणखी साठ. मराठीतले हे यान तेवढ्याने निघू शकेल.