'आगीचं बेट' ऐकताना

मंडळी, आत्ता आपण ऐकलं ते जेमतेम दोन मिनिटांचं. संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "झालं?" हो, झालं. ऑलिव्हिए मेसियां या फ्रेंच संगीतकाराची ही १९५० सालची रचना, 'ईल द फ' क्रमांक एक, म्हणजे आगीचं बेट. लयीवर त्याने पियानोसाठी चार अभ्यास लिहिले, त्यातला हा एक.

यातला डावा हात ऐका. तो खाली, पियानोच्या तळाशी, ठोके मारतो. त्यात सूर शोधत बसू नका. भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकताना ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको; तिथं आपण सा कुठे लागला ते पाहत नाही, घाव किती वजनाचा ते ऐकतो. त्या ठोक्यांवर एक आडदांड चाल येते. ती पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी तिच्याभोवतीचा रंग बदललेला असतो.

ताल कोणता, असं विचाराल. आपल्या अर्थाने ताल नाही. सम नाही, आवर्तन नाही. गंमत म्हणजे मेसियांला आपले ताल माहीत होते, तेही महाराष्ट्रातले म्हणा ना! देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातली १२० देशी तालांची यादी मेसियांला पॅरिसमध्ये एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. त्याने मात्रांची लांबी-रुंदी उचलली, आवर्तन सोडून दिलं. मला हे गैर वाटत नाही. त्यातले बरेच ताल आपल्याकडेही तोवर पोथीतच उरले होते.

माझी तक्रार वेगळी आहे. ही रचना त्याने पापुआला अर्पण केली, आणि तिथल्या जादूटोण्याच्या विधींचा आवेश हिच्यात आहे असं सांगितलं. पापुआला तो तोवर गेलेलाही नव्हता. झाडीपट्टीतल्या माणसाने इथं जरा थांबावं. आपली दंडार, आपली खडीगंमत पाहून बाहेरचे पाहुणे "काय रांगडं आहे हो, अगदी आदिम!" म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. ढोलकीवाल्याने तुकडा कुठे बदलला, का बदलला, हे विचारणारा त्यांच्यात मला अजून भेटायचा आहे. त्या ढोलकीवाल्याने वीस-वीस वर्षं हात घासलेला असतो, हे 'आदिम' म्हटल्यावर कुणाच्या मनातच येत नाही.

आणि मेसियांच्या बाबतीतही तेच होतं बरं का. ठोका कुठे तोडायचा, चाल मध्येच टाकून वरच्या सप्तकात पाखरं कुठे उडवायची, हे सगळं त्याने नेमकं लिहून ठेवलंय. पेन्सिल-खोडरबर घेऊन केलेलं काम आहे ते. त्याचं श्रेय त्याने स्वतःच न पाहिलेल्या बेटाला देऊन टाकलं. १९५१ मध्ये त्याने ही रचना स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केली.

आता तेच पुन्हा लावतो. या खेपेला पापुआ विसरा आणि फक्त डावा हात ऐका.